गुरुवारचा ढोल

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आजही ‘विश्वास आहे’ म्हणवत नाही... पण घडलं ते माझ्यामुळे घडलं, म्हणून लिहितेय.

मी सांगलीत ढोलवादन शिकवते. दर गुरुवारी दुपारी एका कारागृहात कैद्यांचा ग्रुप घेते. तिथे भिवा होता – दहिवडीच्या पुढचा, माण तालुक्यातला. कुणाशी बोलायचा नाही, धड जेवायचा नाही. ढोल हातात आला आणि माणूस हळूहळू खुलला. फक्त आवर्तन संपलं की एक टोला जास्त मारायचा. कितीदा सांगितलं तरी हात थांबायचा नाही.

एका गुरुवारी बाहेरचे पाहुणे वादन बघायला येणार होते. मला सगळं परफेक्ट हवं होतं. मी भिवाला म्हटलं, “तुम्ही आज बसा.” त्याने टिपरू खाली ठेवलं आणि भिंतीकडेला जाऊन बसला.

पुढच्या खेपेला त्याची बहीण मुलाखत संपवून गेटबाहेर माझी वाट बघत उभी होती. तिने सांगितलं, आई कित्येक वर्षं ठार बहिरी. तरी गुरुवारी दुपारी उंबऱ्यात बसायची, भिवाचा ढोल ऐकू येतो म्हणायची. घरच्यांना वाटायचं, म्हातारीला भ्रम झालाय. तुरुंगात ढोल वाजवतो हे लाजेपोटी भिवाने घरी सांगितलंच नव्हतं. बहिणीला ते त्या दिवशीच्या भेटीत कळलं.

“गेल्या गुरवारी ढोल आला न्हाई,” ती म्हणाली. “पोरगं गेलं म्हणत एकटीच सडकंला निघाली. पडली. खुबा मोडलाय.”

मला पटेना. रविवारी मी त्यांच्या गावी गेले. म्हातारी खाटेवर होती. मी कोण ते लेकीने खुणेने सांगितलं, तसा तिने माझा हात ओढून घेतला आणि तळव्यावर बोटांनी ठेका धरला... मी स्वतः बसवलेला, त्या ग्रुपबाहेर कुणालाच न शिकवलेला. शेवटी तो एक जास्तीचा टोला.

“माझ्या पोराला त्या दिवशी गप का केलंत?” तिने विचारलं.

पाहुण्यांचं सांगितलं असतं तरी तिला ऐकू कुठे येणार होतं?

तुमचा ढोल आईपर्यंत पोचतो, एवढंच मी भिवाला सांगितलं. खुबा माझ्यामुळे मोडला, हे नाही. तेव्हापासून तो डोळे मिटून वाजवतो.

महिन्याभराने बहिणीला फोन केला. पडल्यापासून आईला ढोल ऐकूच येत नाही म्हणाली, गुरुवारी दुपारी नुसती पडून असते. भावाला सांगू नका, अशी मीच तिला विनवणी केली.

सांगली कुठे, माण कुठे... हे कसं सुरू झालं आणि का थांबलं, मला आजही कळलेलं नाही. कुणाला सांगता आलं तर सांगा.

परवा ढोल उतरवताना भिवाने विचारलं, “ताई, आई अजून ऐकती न्हवं?”

मी हो म्हटलं.