दाजींच्या मेंदूची गोळी

ज्या कामाला निघाले तेच काम करून परतले, असा एकही दिवस आमच्या दाजींच्या आयुष्यात नव्हता. कुंभारवाड्याहून रामनगरला खत आणायला निघालेला हा माणूस वाटेत गणेशगुडीला नदीवरच्या रबरी होड्या बघत उभा राहायचा, आणि संध्याकाळी खताऐवजी कुणा पर्यटकाची टोपी घालून घरी यायचा. म्हशीपासून सुरू झालेलं त्यांचं वाक्य मंगळावर जायचं, आणि तिथूनही पुढं निघायचं.

आम्ही हसायचो. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, हसायची थांबली ती भाताची रोपं वाळायला लागल्यावर. आमच्याकडं खेकडे बांध पोखरतात. रोज फिरून बिळं चिखलानं बुजवली नाहीत तर वाफ्यातलं पाणी निघून जातं. दाजी दोन बिळं बुजवून तिसऱ्यातल्या खेकड्याशी गप्पा मारत बसायचे. "औंदा भात गेलं तर मी तुझ्याकडं येऊन ऱ्हाणार," अक्का मला म्हणाली. घाबरून मीच दाजींना बेळगावला डॉक्टरांकडं नेलं.

तपासण्या झाल्या, गोळी मिळाली. डॉक्टर समजावत होते तेव्हा माझं सगळं लक्ष टेबलावरच्या प्लास्टिकच्या मेंदूकडं. घरी येऊन मी अक्काला ठोकून दिलं, "गुंगीची हाय. झोपताना दे, गार पडतील." दाजी पहाटेपर्यंत टक्क डोळ्यांनी सुपारी सोलत बसले.

पुन्हा बेळगाव, या वेळी अक्काही बरोबर. डॉक्टर आधी हसले, मग रागावले. "झोपेची नाही हो, उत्तेजक आहे. मेंदूच्या पेशी निरोप द्यायला डोपामिनसारखी रसायनं सोडतात आणि लगेच परत शोषून घेतात. गोळी ते शोषणं अडवते. निरोप ठळक पोचतो, लक्ष टिकतं. सकाळीच द्या. जोर काही तासच राहतो."

"म्हंजे बिळं बुजवती म्हणा की," अक्का म्हणाली. मग हळूच, "पर माणूस त्योच ऱ्हाणार न्हवं?"

"तोच."

मग सकाळी गोळी घेतली की दाजी बांध धरायचे तो शेवटापर्यंत, एकूण एक बीळ बुजवत. जेवायला हाक मारली तर म्हणायचे, "भूक न्हाई." एवढंच, पुढं म्हैस नाही, मंगळ नाही. अक्का त्यांना पाहुण्यासारखं वाढायची.

परवा गेलो तेव्हा दिवस कलला होता, गोळीचा जोर उतरला होता. दाजी चहाला येत होते, तेवढ्यात धनेशाची जोडी पंख वाजवत डोक्यावरून गेली, आणि दाजी तिच्यामागं रानाकडं.

"बघ, गेलं!" अक्का हसत म्हणाली. तिनं त्यांचा चहा झाकला आणि वाटेकडं तोंड करून बसली. वाफे तुडुंब भरले होते. तिकडं तिनं एकदाही बघितलं नाही.