डावीकडची सीट

शुक्रवारची दुपार होती आणि मी कांदा चिरत बसलो होतो. पास्कल सकाळची शिफ्ट संपवून येताना मासळी आणणार, कालवण तो करणार आणि मीठ कमी पडलं म्हणून मी कटकट करणार, असा आमचा शुक्रवार ठरलेला. फोन वाजला तेव्हा वाटलं हाच असणार, हमूर मिळाला नाही म्हणून सांगत असेल. पण फोनवर झल्लाकच्या त्याच्या हॉटेलचा मॅनेजर होता. ‘आपटेसाब, आप बैठे हैं ना?’ एवढंच विचारलं त्यानं, आणि मी हातातली सुरी खाली ठेवली. शिफ्ट संपल्यावर पास्कल कपडे बदलायच्या खोलीत गेला, बूट काढायला बाकावर टेकला, तो पुन्हा उठलाच नाही. दवाखान्यात नेईपर्यंत खलास. मॅनेजरनं अगदी हाच शब्द वापरला आणि मला त्याचा इतका राग आला म्हणून सांगू! इथं बहारीनमध्ये ब्रेड संपला तरी खलास, पेट्रोल संपलं तरी खलास. माणसासाठी तरी निराळा शब्द ठेवा की. तो चिरलेला कांदा दुसऱ्या दिवशी मी तसाच टाकून दिला.

पास्कल वसईचा, मी मिरजेचा. सत्तरच्या दशकात आखात म्हटलं की आपल्याकडे लोकांचे डोळे विस्फारायचे, त्या वर्षांत आम्ही दोघंही इथं आलो आणि नईम भागातल्या एका जुन्या इमारतीत एकत्र राहायला लागलो. मी एका कंपनीत अकाउंट्स बघायचो, तो हॉटेलातली एसीची यंत्रं सांभाळायचा. मी लग्न केलेलं नव्हतं. त्याचं झालं होतं, पण बायको वसईत. मार्था तिचं नाव. घरी अंथरुणाला खिळलेली सासू, म्हणजे पास्कलची आई होती आणि तिला सोडून मार्थाला उंबऱ्याबाहेर पडता येत नव्हतं. त्यामुळे दोन वर्षांतून एकदा रजा मिळाली की हा जायचा, तोंड गोड करून यायचा आणि मग आठवडाभर माझ्याशी धड बोलायचा नाही. आम्ही दोघंही एकटेच होतो, पण त्याचं एकटेपण माझ्यापेक्षा वाईट होतं. आपल्याला नेमकं कोण हवंय हे त्याला माहीत होतं ना!

अशात ती गाडी आली. कुणी एक अमेरिकन इंजिनिअर नोकरी सोडून मायदेशी गेला आणि जाताना आपली जुनी कॉर्व्हेट समुद्राकाठी टाकून गेला. दोनच सीटांची, नाक एवढं लांब की आधी गाडी पोचायची आणि मागून माणसं. नईममध्ये अबू खलील म्हणून एक म्हातारा होड्या दुरुस्त करायचा. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये पास्कलनं ती ओढत आणली आणि मला मुद्दाम बोलावून दाखवली. टायर बसलेले, सीटमध्ये वाळू, इंजिनात मांजराची पिल्लं. ‘आपट्या, ही वसईला न्यायची,’ तो म्हणाला. ‘कायमचा परत जाईन तेव्हा ही घेऊन जाईन. मार्थाला शेजारी बसवून रविवारी चर्चला.’ मी म्हटलं, ‘अरे, पण हिचं स्टिअरिंग डावीकडे आहे. तिकडे कशी चालवणार?’ त्यावर तो म्हणतो कसा, ‘मग ते उजवीकडे घेऊ.’ जसं काही पलंग एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीला सरकवायचा होता!

गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही. तरी इतक्या वर्षांत कानावर पडून एवढं समजलं की अशा गाड्यांचे जे खरे शौकीन असतात ते ती जशी कारखान्यातून निघाली तशी करायला जीव टाकतात. स्क्रूसुद्धा त्याच वर्षाचा हवा. जुफैरच्या नौदल तळावरून काही अमेरिकन पोरं मुद्दाम बघायला यायची, कौतुकानं बॉनेटवरून हात फिरवायची आणि स्टिअरिंगसाठी उजवीकडे पाडलेलं भोक बघून कपाळाला हात लावायची. पास्कल आपला हसायचा. डॅशबोर्ड आरशात बघितल्यासारखा उलटा करायचा होता, तसा तयार कुठं मिळणार? अबू खलीलच्या होडीच्या फायबरग्लासमधून त्यानं तो स्वतः ओतला. पहिला वाकडा झाला. दुसरा उन्हानं तडकला. उन्हाळ्यात त्या शेडमध्ये उभंसुद्धा राहता यायचं नाही, म्हणून काम फक्त थंडीतल्या शुक्रवारी. गाडीचं अंग फायबरचं, त्याला गंज नाही, पण आतला सांगाडा लोखंडी, आणि खाऱ्या हवेनं तो आतल्या आत पोखरलेला. मग तो कापा, जोडा. ते झालं तर वायपर. तेही उलटे करायला हवेत, नाहीतर वसईच्या पावसात चालवणाऱ्याच्याच समोरची काच पुसली जायची नाही! इथं वर्षाकाठी चार थेंब पडतात, आणि हा बाबा दोन हिवाळे वायपरच्या मागे. कधी जाणार रे, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘गाडी झाली की. इंशाल्ला.’

अखेर ती चालू झाली. आवाज असा की इमारतीतली सगळी मुलं जिन्यातून धावत खाली आली. पण रस्त्यावर नेल्यावर जे कळलं त्याचा दोघांपैकी एकानंही आधी विचार केला नव्हता. बहारीनमध्ये गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. आता पास्कल बसणार उजवीकडे, म्हणजे पार कडेला. पुढे एखादा टँकर आला की त्याला टँकरचं ढुंगण सोडून दुसरं काही दिसायचं नाही. समोरून कुणी येतंय का ते दिसणार डावीकडे बसलेल्याला. म्हणजे मला! झल्लाकचा रस्ता तेव्हा अरुंद आणि त्यावर पाण्याचे टँकर रांगेनं. मी खिडकीतून मान काढून बघायचो, ‘थांब... थांब... यल्ला!’ म्हणायचो आणि तो डोळे मिटून विश्वास ठेवावा तसा गाडी बाहेर काढायचा. मी शिव्या देत उतरायचो आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा जाऊन बसायचो. एकट्यानं चालवता येणार नाही अशी गाडी बनवणारा जगात हा एकटाच असेल. ‘ही सीट मार्थाची आहे,’ तो दर वेळी बजावायचा, ‘तू फक्त गरम करतोयस.’

गाडी झाली होती. आता जाणार म्हणून त्याच्या रजेच्या आधी मी मनातल्या मनात खोली एकट्यानं कशी परवडेल याचा विचारसुद्धा करून बसलो. तो रजेवर गेला आणि परत आला तो तोंड पाडून. मग कळलं. त्यांच्या वाडीत घराकडे जाणारी जी गल्ली, तिच्या दोन्ही बाजूंच्या घरांतली पोरं आमच्यासारखीच आखातात. प्रत्येकानं घर बांधलं, प्रत्येकानं कंपाउंडची भिंत घातली आणि प्रत्येकानं ती वीतभर पुढं सरकवली. पास्कलच्या डोक्यात गल्ली होती ती लहानपणची, दोन्हीकडे करवंदीचं कुंपण असलेली. गाडीच्या रुंदीचा बांबू कापून घेऊन तो गल्लीतून चालत गेला म्हणे. तिसऱ्या घरापाशी बांबू अडकला. लोक हसले, आणि मार्था दारात उभी राहून बघत होती. ‘मी सगळं उलटं केलं रे,’ तो मला म्हणाला, ‘पण गल्लीच बघितली नाही.’

त्यानंतर त्यानं काय करावं? तर गल्लीत मावेल एवढी अरुंद करायची म्हणून गाडीचे दरवाजे पुन्हा खोलायला घेतले. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. त्याची आई वारल्याला वर्ष झालं होतं. मार्था आता मोकळी होती, हॉटेलचा मॅनेजर व्हिजिट व्हिसा काढून द्यायला तयार होता, आणि हे महाशय पाना घेऊन गाडीखाली! मी त्याचे पाय धरून त्याला बाहेर ओढला. ‘गाडी तिच्याकडे जात नाही ना? मग तिला गाडीकडे आण, गाढवा!’ तो ग्रीसचे हात घेऊन तसाच जमिनीवर बसून राहिला. म्हणाला, ‘तिला इथं काय दाखवू? ही खोली?’ म्हटलं, ‘मी दुसरीकडे झोपतो. खोली पुसून घे.’

मार्था महिन्याभरासाठी आली. गोरीशी, ठेंगणी, कमी बोलणारी बाई. आल्या आल्या मला ‘भाऊ’ म्हणायला लागली आणि माझ्या हातातलं झाडून सगळं काम काढून घेतलं. मी एका मित्राकडे पथारी टाकली होती, जेवायला मात्र यायचो. पास्कल तो महिना कसा वागत होता ते सांगून खरं वाटायचं नाही. एवढा घोडा झालेला माणूस घरात शीळ घालत फिरायचा. गाडीचं शेवटचं काहीतरी अडलं होतं, एक पार्ट अमेरिकेहून यायचा होता, तो नेमका तिच्या जाण्याच्या आदल्या दिवशी आला. त्या दिवशी त्याला झल्लाकला दुपारची शिफ्ट. तिला हॉटेल दाखवतो म्हणून त्यानं मार्थाला डाव्या सीटवर बसवलं आणि दोघं निघाली. मी शेडच्या दारात उभा राहून त्यांना हात केला.

दुसऱ्या दिवशी विमानतळावरून टॅक्सीनं परतताना तो म्हणाला, ‘कालच्यासारखा उशीर मला आयुष्यात झाला नाही. अख्खा रस्ता टँकरच्या मागे! बघ म्हटलं की ही म्हणायची, येतंय, थांबा. पुन्हा विचारलं की, येतंय. तुझ्यासारखी नजर नाही बघ तिची.’ बोलता बोलता हसला आणि मग एकदम तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागला... पुढच्या वर्षी तिला परत आणायचं ठरलं होतं. ते वर्ष त्याला मिळालं नाही.

त्याला वसईला पोचवायला मी गेलो होतो. तिथं मार्थाशी काही बोलणं झालं नाही, माझ्याच्यानं झालं नाही. परत आल्यावर खोलीत पाऊल ठेववेना. कुणाशी मराठीत भांडावं असं माणूस आता इथं उरलेलं नाही. शुक्रवार तर येऊच नये असं वाटतं. गाडी शेडमध्ये उभी आहे. अबू खलीलचा भाचा ती मागतोय, स्टिअरिंग परत डावीकडे नेईन म्हणतोय. गेल्या शुक्रवारी मी ती पहिल्यांदाच स्वतः बाहेर काढली. झल्लाकच्या रस्त्याला लागलो आणि पुढे टँकर. शेजारी कुणी नाही. मला काही दिसेना आणि धाडस होईना. त्याच्या मागे रांगत गेलो तसाच परत आलो.

संध्याकाळी वसईला शेजाऱ्यांच्या फोनवर मार्थाला बोलावून घेतलं. गाडीचं काय करायचं ते विचारायचं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं की आज मीही तुमच्यासारखा टँकरच्या मागेच अडकलो.  

‘भाऊ,’ ती म्हणाली, ‘त्या दिवशी समोरून काहीच येत नव्हतं. रस्ता सगळा मोकळा होता. मीच सारखी येतंय, येतंय म्हणत होते... हॉटेल आलं की ते कामावर जाणार होते ना.’