सांगलीला, माझीच भूमिका पाहायला

साताऱ्याच्या स्टँडवर गाडी लागली तरी मी यजमानांना म्हणतच होते, "राहू द्या, परत फिरू." हे पलटणीतून नुकतेच निवृत्त झालेले, एकदा ठरलं की ठरलं. "नाटक न्हाई तर न्हाई, सांगली तर बघू," म्हणाले आणि खिडकीजवळची जागा मला दिली.

ज्या संगीत नाटकासाठी आम्ही निघालो होतो, त्याची नायिका बरीच वर्षं मीच होते. मुलगी झाली, दौरे जमेनात, म्हणून कंपनी सोडली. माझ्यावाचून नाटक बंद पडेल, असं मला वाटलं होतं. ते पडलं नाही. नायक बदलला, ऑर्गनवाला बदलला, माझ्या जागी दुष्काळात जतहून सांगलीला मावशीकडे आलेली एक पोरगी उभी राहिली, आणि प्रयोग चालूच राहिले. ती कशी गाते हे मला ऐकायचं होतं. खरं म्हणजे, कुठे चुकते हे ऐकायचं होतं.

कराडला चहा झाला. इस्लामपूरच्या अलीकडे गाडीचं चाक पंक्चर झालं आणि सगळे उसाच्या कडेला उतरलो. विट्याचे एक गृहस्थ गप्पांत आले. दूर उत्तरेत त्यांचं गलाईचं (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं) दुकान होतं, सुटीला गावी आले होते.

"नाटकाला चाललाय व्हय? आवं वैनी, नवी बाई लय झ्याक गाते! आधी एक होती... काय बरं तिचं नाव?"

हे गालातल्या गालात हसले. मी उसाचे तुरे फार बारकाईने पाहू लागले.

पूल ओलांडून सांगलीत शिरलो. खाली कृष्णा संथ, आणि पेठेत हळदीचा वास. प्रयोग दुपारचा होता, म्हणून जेवणाऐवजी भडंग (तिखट-मसाला लावलेले चुरमुरे) घेतलं. तोंड भाजलं, डोळ्यांत पाणी आलं. ते भडंगाचंच, असं मी यांना सांगितलं.

पडदा वर गेला. पोरगी माझाच शालू नेसून आली. पोलकं दोन्ही बाजूंनी आत घेतलेलं दिसत होतं. तिच्या बोलण्यात जतचा मागमूस नव्हता. पहिलं पद तिने जपून म्हटलं, आणि मला बरं वाटलं. तिसऱ्या अंकातल्या पदात मी जिथे तान घेऊन टाळ्या मिळवायचे, तिथे ती एकदम थांबली. मग हळू, जवळजवळ बोलल्यासारखी ती ओळ म्हणाली. सगळं नाट्यगृह गप्प झालं.

"वन्स मोअर!"

आवाज माझ्या शेजारून आला होता. माझ्या एकाही प्रयोगाला या माणसाने तोंड उघडलं नव्हतं.

प्रयोगानंतर कंपनीचे मालक अण्णा मला रंगपटात घेऊन गेले. पोरगी खोबरेलाने रंग पुसत होती.

"त्या तुमीच व्हय?" तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अक्का, खरं सांगू? मला तुमचा लय राग येतो. रोज तालमीला तुमचंच नाव. ती अशी उभी राहायची, ती अशी तान घ्यायची. ती तान माझ्या गळ्यात बसतच न्हाई, म्हणून थांबते मी तिथं."

मला इतका आनंद झाला, की माझी मलाच लाज वाटली.

"आज कसं झालं?" तिने विचारलं.

"बरं झालं," मी म्हटलं.

तिचा चेहरा उतरला. ती आरशाकडे वळून पुन्हा रंग पुसू लागली.

रात्री विश्रामबागला नणंदेकडे राहून सकाळची गाडी धरली.

"चुकलं का गं माझं, वरडलो ते?"

"माझ्या वेळी का नाही कधी ओरडलात?"

"तवा भ्या वाटायचं. बायको गातीया आन नवराच वन्स मोअर म्हणतोय, लोक काय म्हणतील?"

मी हसले. उंब्रज मागे पडलं तेव्हा मी म्हणाले, "ती ओळ तिनं माझ्यापेक्षा चांगली म्हटली."

"मग तिला का न्हाई सांगितलंस?"

एवढं एक वाक्य बोलायला मला कराड ओलांडावं लागलं होतं. उद्या कंपनी साताऱ्याला आली, तर तिच्यासमोर ते तोंडातून निघेल की नाही, हे आजही सांगता येत नाही.