डाव्या कानातला उस्ताद

तोफ्याशी बोलायचं तर उजवीकडून, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात कुणी डावीकडून "हवा भर" म्हणालं, तर उभं राहून राहून त्या गिऱ्हाइकाचीच हवा जायची. तोफखान्यात असताना गोळा नळीतच फुटला. तोफेवर हुकूम देणारा उस्ताद जागच्या जागी गेला, तोफ्याचा डावा कान गेला. लोकांना एवढंच माहीत.

बायकोला पुढचंही माहीत होतं. त्या कानाला बाहेरचं काही ऐकू येत नसे, पण आत उस्ताद बोलायचा. तोफेवर रीतच अशी, की हुकूम कानावर पडला की मोठ्यानं परत म्हणायचा, म्हणजे चूक होत नाही. म्हणून चाकाच्या तारा ताणता ताणता तोफ्या एकाएकी म्हणे, "अर्धा फेरा मागं," आणि वाकडं चाक सरळ होई. बायको म्हणायची, "मेल्यावरही फुकट राबतोय बिचारा."

घोड्यानं पेंड खाल्ली ती इथंच. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी लष्करी डॉक्टरनं तपासलं. उजव्या कानात बोळा कोंबला आणि मागं उभं राहून हळूच एकेक शब्द म्हटला. तोफ्याला डॉक्टरचं एक अक्षरही ऐकू आलं नाही. पण उस्ताद सांगत गेला, कंदील, भोपळा, पायजमा, आणि तोफ्या तसंच म्हणत गेला. सगळे बरोबर. कान शाबूत, अर्ज फेटाळला. आता अपील होतं, तेही गेलं की दार बंद. आणि उजवा कानही हल्ली कुरकुरत होता.

"अहो, या खेपेला तोंड मिटून बसा," बायको म्हणाली.

"हुकूम आला की ते आपोआप उघडतं. माझा इलाज नाही."

"मग हुकूम देणाऱ्यालाच सांगते."

तपासणीच्या सकाळी तिनं त्याची मान कलती केली आणि डाव्या कानाला तोंड लावलं. "भावजी, तुम्ही सुटलात, हे मागं राहिले. आजच्या दिवस गप्प बसा. आमच्या पोटावर पाय देऊ नका."

तोफ्याला शब्द कळले नाहीत. कानाच्या पाळीला मात्र आतून वारा लागल्यासारखा गारवा जाणवला.

दवाखान्यात त्याला काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. डाव्या कानाचा नंबर लागला आणि काहीच ऐकू आलं नाही. विहिरीत वाकावं आणि आपलं तोंडही दिसू नये, तसलं. त्याचं बोट हललं नाही.

डॉक्टरनं जुना कागद पुढं ओढला. "मागच्या वेळी सगळे शब्द कसे सांगितलेत?"

"सांगणारा होता साहेब."

"कोण?"

"मी," बायको पटकन म्हणाली. "समोर दारात उभी राहून, तुमचा शब्द ऐकून ओठ हलवत होते. नापास झाले तर गावात नाक कापलं जाईल, असं वाटलं. अक्कल गहाण पडली होती माझी."

डॉक्टरला हसू आवरेना. हसत हसतच त्यानं लिहिलं, कान नोकरीतच गेला. अपील मंजूर.

बाहेर आल्यावर तोफ्याचा चेहरा उतरलेला. "तो बोलत नाही गं."

"मग बरंच झालं की."

त्याचा हात धरून ती जिना उतरू लागली. मधेच तिच्या डाव्या बाजूला कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "वहिनी, जपून. पुढची फरशी सुटलीय."

तिकडं नुसती भिंत होती. तिनं पाऊल टेकवून पाहिलं. फरशी डुगडुगली.

"काय झालं?" तोफ्यानं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली आणि भिंतीकडून अंग चोरून घेत, कुणाला तरी जागा सोडावी तशी, खाली उतरली.