डब्याचं दुखणं

आमच्या संत्र्याच्या बागेतल्या डब्याला काय झालं होतं, ते मला बाबांच्या दुखण्याच्या आधी कळलं. बाबांचं कळलं तेव्हा उशीर झाला होता. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते. मी असा राग काढला की आई ऐकून घेते आणि चहा टाकते.

डबा मीच बनवलेला. त्या वर्षांत अमरावतीत, माझ्या सासरच्या गावी, मी आणि माझी एक मैत्रीण मिळून शेतातल्या मोटरसाठी कंट्रोलर बनवायचो. वीज कधी येईल याचा नेम नव्हता आणि विहिरीतलं पाणी किती वेळ पुरेल याचाही नव्हता. वीज आली की मोटर सुरू करायची, पाणी संपलं की बंद करायची आणि तसं मोबाईलवर कळवायचं, एवढंच डब्याचं काम. आत तळहाताएवढा बोर्ड, त्यावर प्रोसेसर आणि तो चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. पहिला डबा शेंदूरजनाघाटजवळच्या आमच्या बागेत बसवला, कारण नव्या मालाचा पहिला मार घरच्यांनीच खायचा असतो.

आणि मार बसलाच. डबा मधेच मरायचा. मोटर थांबायची आणि बाबांना उन्हात विहिरीपर्यंत जाऊन जुन्या स्टार्टरवर ती सुरू करावी लागायची. ती पायपीट वाचावी म्हणूनच तर मी डबा केला होता! पुढे गिऱ्हाइकांचे डबेही तसेच मरायला लागले. ते लोक स्विच बंद-चालू करून मोकळे व्हायचे आणि मला फोनवर शिव्या घालायचे. निदान घरचा डबा तरी मला खरं सांगेल, असं मी ठरवलं.

कर्नल तयार करताना पडद्यावर पर्यायांची ही लांबलचक यादी येते. त्यातला एक भाग डीबगिंगचा, म्हणजे चूक शोधण्याचा. गिऱ्हाइकाला माल देताना आम्ही ते पर्याय बंद ठेवायचो, कारण बोलका कर्नल जागा जास्त खातो आणि हळू चालतो. मुका कर्नल मेला तर कशाने मेला ते कोणाला कळत नाही. बाबांच्या डब्यासाठी मी एकेक पर्याय चालू करत गेले. मेलास तर आपोआप उठू नकोस, तसाच पडून राहा. नुसते आकडे फेकू नकोस, कुठलं काम करताना मेलास त्याचं नाव सांग. शेवटचं बोलणं मेमरीच्या एका कोपऱ्यात जपून ठेव. करंट पूर्ण गेला तर तो कोपराही पुसला जातो, म्हणून लोडशेडिंगसाठी डब्याला एक छोटी बॅटरीही लावली.

"बाबा, लाल दिवा लागला का डब्याले हात लावू नका. मले फोन करा."

"नाही लावत," बाबा म्हणाले.

फोन काही आला नाही. मग मीच अधूनमधून "उद्या येते" म्हणून कळवायची आणि जायची. बाबा फाट्यावर घ्यायला यायचे. डब्यावर हिरवा दिवा. लॅपटॉप जोडून पाहावं तर तो कोपरा कोरा.

"काय म्हणते डबा?" मी विचारायची.

"मस्त चालू हाय. तुयं कसं?"

आई पाटवडीचा रस्सा करायची. मी पोटभर जेवून परत यायची आणि डीबगिंगचे आणखी पर्याय चालू करायची. मेमरी तपासून पाहिली, घड्याळ तपासलं, चिपवर संशय घेतला, उन्हाळ्यावर घेतला. मैत्रीण म्हणाली, तुझ्या घरच्या डब्यातलं भूत तुला घाबरतं. मला हसूही येईना.

आमच्याकडे लेक माहेरी येणार म्हटलं की घर सावरून बसतं. आजारी माणूस उठून अंघोळ करतो, औषधाच्या बाटल्या फडताळात जातात. लेकीने चार घास सुखाने खावे आणि सासरी जावं. त्या वर्षांत पाणी खोल गेलं होतं, गावोगाव बागा वाळत होत्या, लोक संत्र्याची झाडं तोडून वीटभट्टीला देत होते. तरी माहेरवाशिणीसमोर तो विषय कोणी काढायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे सगळं मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण बाबा डब्यालाही अंघोळ घालून बसवत असतील, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

एकदा चांदूर बाजारला एका गिऱ्हाइकाचं काम लवकर आटोपलं आणि मी न कळवता गावाकडे निघाले. घ्यायला कोणी नव्हतं, म्हणून मागच्या पांदणीने, शेतांमधल्या वाटेने, चालत आले. मागच्या बाजूला बाग नव्हती, नुसते खुंट होते. बाबा मला नेहमी पुढून न्यायचे. पुढच्या दोन-चार ओळी तेवढ्या हिरव्या होत्या.

बाबा विहिरीजवळच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. वर डब्यावर लाल दिवा. मला पाहताच ते भिंत धरून उठले, त्यांनी स्विच बंद केला आणि त्यांचा हात सरळ बॅटरीच्या वायरकडे गेला.

"हात लावू नका!" मी ओरडले.

त्यांनी हात मागे घेतला. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला.

"तू येऊन राहिली हे सांगतलं नाही," ते म्हणाले.

"बाबा, तुमी दरवेळी हा वायर काढून लावता?"

"लावला का उठते ते. तू एवढं शिकून बनवलं, तुले मेलेलं कावून दाखवू? तू आली का चालू दिसलं पायजे."

मी कपाळावर हात मारून घेतला आणि तिथेच जमिनीवर बसून लॅपटॉप जोडला. कोपरा भरलेला होता. ओळी सरसर वर आल्या आणि त्यात नाव होतं. मोबाईलचा सिग्नल गेला की चालणारा कोड, आमचाच. किती महिने मी त्या नावाची वाट पाहत होते!

"सापडलं! बाबा, सापडलं!"

ते हसले. मनापासून हसले, माझ्यासाठी.

"सापडलं ना? झालं तं मग."

तेव्हा मी मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. घड्याळ मनगटावरून कोपराकडे सरकलं होतं. डोळे पिवळे झाले होते आणि एक हात बरगडीखाली दाबून धरलेला होता.

"बाबा, तुमाले काय होऊन राहिलं?"

"मले? मले काय झालं? मस्त हाय."

दुसऱ्या दिवशी आई आणि मी त्यांना अमरावतीला आणलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, कधीपासून दुखतं. बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

"कालपासून," ते म्हणाले. आई खाली बघत पदराचं टोक पिळत राहिली.

डॉक्टर जुने-जाणते होते. त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. मी पडद्यापलीकडे उभी राहिले. आत डॉक्टरांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"मांगच्या उन्हाळ्यापासून, साहेब," बाबांचा आवाज आला. "हळू बोला. पोरगी आली हाय."