बेंबळीचे सारंग

"लोखंड लांब ठेवा," हे त्यांचं वर्गात शिरतानाचं पहिलं वाक्य. खिशातल्या किल्ल्या, मोबाईल काढून ते खिडकीत ठेवायचे आणि मगच टेबलावरच्या होकायंत्राजवळ जायचे. "ह्याला लोखंडाचा लई मोह. जवळ आलं की बिचारं दिशा विसरतं."

धाराशिवला एस.टी. स्टँडच्या मागं खलाशी व्हायला निघालेल्या पोरांचे वर्ग चालायचे. मी तिथं इंग्रजी शिकवायचे, ते जहाजावरची कामं. कुणी "कप्तान" म्हटलं की ते लगेच दुरुस्त करायचे, "कप्तान न्हाय, सारंग. खलाशांचा मुकादम." बेंबळीच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला हा धिप्पाड माणूस अर्धं आयुष्य मालवाहू जहाजांवर काढून गावी परतला होता. चालताना अजून पाय फाकवून चालायचा. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हालाही वाटलं असतं, जमीनच हलतेय.

डेकवरचा माल बांधणं हा त्यांचा लाडका धडा. बाकावर ओंडके रचायचे, दोरीनं आवळायचे आणि चौघांना बाक गदागदा हलवायला सांगायचे. "लाकूड बसतं, साखळी सैल पडते. काल आवळली म्हणून आज बघत न्हाय, त्यो जहाज घालवतो."

त्याच वर्गात त्यांचा एकुलता मुलगा बसायचा. त्याची गाठ सैल निघाली की सारंग सगळ्यांदेखत पुन्हा बांधायला लावायचे. पोरगा हसत बांधायचा. त्याला जहाज मिळालं तेव्हा त्यांनी आम्हाला पेढे दिले. फोनवर मात्र "जेवलास का" याच्याआधी "साखळ्या बघितल्यास का" असं विचारायचे.

दुसऱ्याच सफरीत, डेकवर लाकूड भरलेलं त्याचं जहाज दूर उत्तरेकडं वादळात सापडलं. वारा जरा पडला तशी साखळ्या आवळायला माणसं बाहेर गेली. एक मोठी लाट आली, ओंडके सुटले आणि त्यांच्यासोबत मुलगा पाण्यात गेला. शोधलं, सापडला नाही.

मी बेंबळीला गेले तेव्हा वहिनी नवऱ्याला विचारत होत्या, "त्याला पवायला येतंय की. विहिरीतनं बाहेर निघायचा न्हाय. उचललं असंल न्हवं कुण्या जहाजानं?"

"असंल," सारंग भिंतीकडं बघत म्हणाले.

मला सोडायला ते फाट्यापर्यंत आले. "मॅडम, तिकडचं पाणी बर्फावानी असतंय. हातपाय चालतच न्हाईत." बस दिसायला लागली तसं हळूच म्हणाले, "आवळायला म्याच शिकवलं."

ते खोटं त्यांना फार दिवस पेललं नाही. एका दुपारी त्यांनी बायकोला पोरगा आता परत येणार नाही हे सांगून टाकलं; पाण्याच्या गारठ्याचं तेवढं सांगितलं नाही. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मला समुद्र दाखवा." त्यांनी तो जन्मात पाहिला नव्हता. सारंग त्यांना कोकणात घेऊन गेले.

परत आल्यावर ते वर्गात आले, पण शिकवायला नाही. पोरं गेल्यावर बाकावर बसून मला म्हणाले, "तिनं पाण्यात हात घातला. म्हणली, कोमट हाय की हो. लेकराला तरास झाला नसंल."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"व्हय म्हणलो. काय म्हणू?" आणि बाकावर डोकं टेकून ते लहान मुलासारखे रडले. मी पाण्याचा पेला घेऊन नुसती उभी राहिले. त्यानंतर ते वर्गात कधीच आले नाहीत.

यंदाच्या उन्हाळ्यात सारंग झोपेतच गेले. मी गेले तेव्हा वहिनी ओसरीवर एकट्या बसल्या होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "कोकणातलं सांगितलं होतं त्यांनी मला. पाणी कोमट होतं म्हणे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पदरानं तोंड पुसलं.

"गार व्हतं, ताई. हात घातल्याबरोबर कळलं मला. पर त्यांच्या तोंडाकडं बघवंना."