विहिरीतून आलेले नऊ देव

आमच्या सोसायटीची विहीर बघायला हल्ली लोक येतात. सोसायटी ठाण्याला कोपरीत, स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर, सोळा घरांची आणि दिसायला अगदी सामान्य. पण आमच्या गच्चीवरचं पावसाचं पाणी पाइपांतून खाली येतं, खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून विहिरीत उतरतं, आणि मे महिन्यातही फ्लशसाठी आम्हाला टँकर बोलवावा लागत नाही. ते बघायला इतर सोसायट्यांचे सेक्रेटरी येतात. आमचे सेक्रेटरी म्हणजे माझे यजमान. पाहुण्यांना ते गच्चीपासून खड्ड्यापर्यंत तासभर हिंडवतात, कुठल्या पाइपाला किती उतार दिलाय तेही सांगतात. विहीर उपसली त्या दिवसाबद्दल मात्र एकच वाक्य बोलतात, "गाळ बराच निघाला." गाळात काय काय निघालं ते सांगत नाहीत, म्हणून मी सांगते.

बिल्डिंग झाली तेव्हा नळाला धो धो पाणी होतं. म्हणून विहिरीवर स्लॅब टाकला, स्लॅबला एक लोखंडी झाकण ठेवलं आणि सगळे विहीर विसरून गेले, असं सोसायटीचं अधिकृत म्हणणं. पुढे नळाचं पाणी कमी होत गेलं आणि एप्रिलपासून टँकर यायला लागला. तेवढ्यात हे रिटायर झाले. रिटायर झालेली माणसं सकाळी तलावपाळीला चकरा मारतात. हे विहिरींबद्दल वाचायला लागले. वर्षभर वाचल्यावर त्यांनी जनरल मीटिंगमध्ये विषय मांडला, विहीर उपसायची आणि गच्चीचं पाणी तिच्यात सोडायचं. चक्क एकमतानं मंजूर झाला. आमच्याकडे एकमतानं याआधी फक्त मीटिंग संपवली गेली होती.

माझा हात सगळ्यांत शेवटी वर गेला. झाकणाखाली काय आहे ते मला माहीत होतं, कारण ते मीच टाकलं होतं.

सासूबाई शेवटची चार वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांचं सगळं मी केलं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. थोडं तक्रार म्हणूनही सांगते. त्यांचे पितळेचे नऊ देव होते, टाक धरून. लग्नात मुलीबरोबर अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण देतात, तसे माझेही आलेले, त्यामुळे देव्हाऱ्यात दोन अन्नपूर्णा आणि दोन बाळकृष्ण इतकी वर्षं दाटीवाटीनं बसत. दोघींच्या देवांची आंघोळ, गंध, फूल, सगळं माझ्याकडे. सासूबाई गेल्या, तेरावं झालं, आणि यांनी त्यांचे नऊ देव एका साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिले. म्हणाले, "हे तेवढं तू बघ. नाशिकला गंगेत सोडायचेत. आईची इच्छा होती."

यांना वेळ नव्हता. बिल्डिंगचा रंग चालला होता.

मी ऑफिसात रजा टाकली आणि सकाळी पिशवी घेऊन खाली उतरले. गेटपाशी हे रंगाऱ्याशी बोलत होते. बदामी रंग आणि फिका बदामी रंग यांतला फरक ते त्याला समजावत होते, आणि इतक्या शांतपणे, इतक्या मायेनं समजावत होते की मी तिथेच थांबले. चार वर्षांत आईच्या औषधाची वेळ त्यांनी एकदाही विचारली नव्हती. मी मागच्या बाजूनं विहिरीशी गेले, झाकण सरकवलं, पिशवी आत टाकली आणि झाकण लावलं. मग गाडी पकडून शहाडला बहिणीकडे गेले. संध्याकाळी परत येताना ठाण्यातूनच नाशिकचा चिवडा घेतला. चांगला होता.

तेव्हापासून घरी आलेल्या प्रत्येकाला हे सांगत, "आईचे देव हिनं एकटीनं नाशिकला नेऊन सोडले. मला हलावंसुद्धा लागलं नाही." मी पोहे वाढता वाढता ऐकत असे. आमच्या संसारात माझं चारचौघांत कौतुक झालं ते या एका गोष्टीसाठी, आणि ती मी केलेली नव्हती. खोटं पचवायची सवय होते, पण ते कौतुक मला हवंसं झालं होतं. ते हातचं जाणार म्हणून मी त्या मीटिंगनंतर नीट जेवलेसुद्धा नाही.

विहीर उपसायला आंबिवलीच्या बाजूचे एक काका आले. पिढीजात हेच काम, सोबत दोन पुतणे. रविवार होता. लोकांनी घरातल्या खुर्च्या खाली आणल्या, कुणी चहाचा थर्मास आणला. यांच्या हातात रजिस्टर होतं. काकांनी आधी दोरीला पेटता कंदील बांधून आत सोडला. तो विझला नाही, म्हणजे आत हवा बरी आहे. मग पंपानं पाणी उपसलं, आणि दुपारच्या सुमारास एक पुतण्या आत उतरून घमेली भरून वर पाठवायला लागला.

पहिली घमेली चिखलाची आणि नारळांची. नंतर देव यायला लागले. हात तुटलेला गणपती, काच फुटलेली लक्ष्मी, भिजून वीट झालेल्या पोथ्या, फ्रेममधले तीन दत्त. प्रत्येक वस्तू वर आली की हे विचारत, "कोणाचं आहे?" आणि खुर्च्यांवरून उत्तर येई, "आमचं नाही हो." तळमजल्यावरच्या आजी तर म्हणाल्या, बाहेरचे लोक येऊन टाकून जात असतील. आमच्या गेटला वॉचमन आहे. तोही "हो" म्हणाला.

मग सत्यनारायणाच्या पूजेचे फोटो निघाले. सोसायटीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा कमिटीनं पूजा घातली होती, आणि त्या पूजेचा मोठा फोटो फ्रेम करून प्रत्येक घराला भेट दिला होता. फोटो यांनी निवडला होता, फ्रेमही यांनीच. सोळा घरांत सोळा वाटलेले. विहिरीतून अकरा आले. हे प्रत्येक फ्रेम हातात घेऊन पुसत आणि दुसऱ्या फ्रेमवर रचून ठेवत. अकरावी ठेवल्यावर त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. लोक चहा पीत होते.

काका म्हणाले, "दादा, मनाला लावून घेव नका. सगल्या बावींन असाच. देव कचऱ्यान टाकवत नाय, मंग बावीन टाकतान." त्यांच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. सगळ्याच विहिरींत असं निघतं हे कळल्यावर सगळ्यांना जरा हलकं वाटलं. मला वाटलं नाही.

माझी पिशवी शेवटून दुसऱ्या घमेल्यात आली. प्लॅस्टिकची असल्यामुळे तिला काहीही झालं नव्हतं, दुकानाचं नावही वाचता येत होतं. काकांनी ती स्लॅबवर उलटी केली. नऊही देव काळेठिक्कर पडले होते, पण टाक ओळखू येत होते. यांनी वाकून बाळकृष्ण उचलला. त्याचा लोण्याचा हात थोडा वाकडा होता. यांच्या लहानपणी यांच्याच हातून पडून वाकला होता, ही गोष्ट सासूबाई मला वर्षातून दोनदा तरी सांगत.

"कोणाचं आहे?" यांनी विचारलं. नेहमीच्याच आवाजात विचारलं, पण खुर्च्यांकडे न बघता.

मी तिथून तीन पावलांवर उभी होते आणि माझी जीभ उचलली नाही, याची मला आजही लाज वाटते. यांनी रजिस्टर उघडून लिहिलं. मी नंतर वाचलं. अक्षर नेहमीसारखं सुबक होतं: पितळी देव, नग नऊ, मालक अज्ञात.

बाकीच्या देवांचं काय करायचं यावर कमिटीची तिथेच मीटिंग झाली आणि निर्माल्य गोळा करणाऱ्या गाडीला द्यायचं ठरलं. ते नऊ मात्र यांनी परत पिशवीत भरले आणि घरी आणले. डायनिंग टेबलावर पेपर पसरून त्यावर एकेक मांडले. मी समोर बसले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"नाशिकला गेलीच नव्हतीस?"

"नाही."

"मग दिवसभर कुठे होतीस?"

"शहाडला, ताईकडे. झोपले होते."

"दिवसभर?"

"चार वर्षांची झोप राहिली होती."

यांनी अन्नपूर्णेवरचा चिखल अंगठ्यानं काढला. "म्हणजे इथेच सोडलेस."

मला हो म्हणता आलं असतं. सोडले म्हटलं की त्यात पाणी येतं, नमस्कार येतो, सगळं जरा बरं दिसतं. पण एवढी वर्षं खोट्यावर काढल्यावर मला त्याचा कंटाळा आला होता.

"सोडले नाहीत," मी म्हटलं. "टाकले. नमस्कारसुद्धा केला नाही. राग आला होता."

"देवांचा?"

"देवांचा कशाला येईल? तुमचा."

यांनी अन्नपूर्णा पेपरवर ठेवली. खाली खुर्च्या उचलून नेल्याचे आवाज येत होते. मला वाटलं, आता रागावतील, आणि रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मग ते उठले, स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि तिथेच थांबले. पितळ चिंचेनं उजळतं एवढं त्यांना माहीत होतं, जन्मभर बघत आले होते.

"चिंच कुठे असते आपल्याकडे?"

माझे पाय सवयीनं उठायला निघाले होते. मी उठले नाही. वरच्या फळीवर, डावीकडून दुसरा डबा, असं बसल्या जागेवरून सांगितलं. त्यांनी आधी उजवीकडून दुसरा उघडला.